पूर्णांक आणि बारा वाक्यांची बाई

पूर्णांकाची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्याने मला कपाटात कोंडलं. कपाटाला आतून गाद्या ठोकल्या होत्या. समोर माईक, आणि काचेपलीकडे हा, कानांवर आमटीच्या वाट्यांएवढे हेडफोन लावून.

"म्हणा, दार लावा, मांजर आत येईल."

मी म्हटलं.

"पुन्हा."

किती वेळा म्हटलं याची मोजदाद नाही. आत गेलो तेव्हा मी गुळगुळीत दाढीचा तरुण होतो. बाहेर आलो तेव्हा घरच्यांनी माझी खोली भाड्याने दिली होती. वर याचा निकाल : "तुमच्या आवाजात काही नाही."

"म्हणजे दोष नाही ना?"

"नाही. काहीच नाही."

मी त्या कंपनीत माहितीपुस्तिका लिहायला लागलो होतो. हा मोबाइलमधून आवाज नेण्याची गणितं लिहायचा आणि ती तपासायला ज्याचा त्याचा आवाज भरून घ्यायचा. आवाजाचे आकडे करायचे, पिळून लहान करायचे, हवेतून धाडायचे आणि पलीकडे पुन्हा फुगवायचे. स्वस्त फोनच्या चिपला अपूर्णांक झेपत नसत, म्हणून सगळा कारभार पूर्णांकांत, आणि याचं नावही तेच पडलेलं.

"मग पावणेदोन कसं लिहितोस?" मी एकदा विचारलं.

"एकशे पंचाहत्तर लिहायचं आणि टिंब मनात धरायचं. कुठे धरलंय ते विसरलं की मेलो."

बेरीज चिपमध्ये मावली नाही तर आकडा उलटा फिरून उणे होतो आणि फोनमध्ये बेडूक ओरडतो. त्यावर त्याचा नियम : भरलं की तिथेच थांबायचं. हा नियम तो स्वतःलाही लावायचा. मन भरून आलं की हा गप्प.

माझ्याआधी त्या कपाटात कंपनीची टेलिफोन ऑपरेटर बसली होती. तिने बारा वाक्यं वाचली आणि म्हणे तिच्या आवाजात सगळं होतं. एरवी ती याच्याशी बोले तेही फोनवरूनच. "पूर्णांक, जेवलात का?" हा नुसता "हं" म्हणे. पुढे तिची आई आजारी पडली आणि तिने दूरच्या शाखेत बदली मागून घेतली. निरोपाच्या दिवशीही हा भरला आणि थांबला.

तिच्या आवाजाच्या मूळ टेपवर कुणीतरी पंख्याची घरघर भरून टाकली. उरला तो याच्या गणितातून पिळून निघालेला आवाज. वीस वर्षं रोज सकाळी तपासणीच्या नावाखाली हा ती बारा वाक्यं ऐकत आला. मुद्दाम मधले तुकडे गाळायचे आणि फोन सांधतो का ते बघायचं. एक तुकडा हरवला तर आधीचाच पुन्हा वाजवायचा, जरा हळू. पुढचाही हरवला तर आणखी हळू. मग शांतता.

"एकदा तिला मोकळ्या हवेत ऐकायचंय," तो एकदा चहा पिताना म्हणाला.

"अरे मग फोन कर की!"

"फोनवर काय ऐकू येणार? माझंच गणित."

त्याची वहिनी तर रोज टोमणा मारायची, "भावोजी, जगाचे फोन जोडता आणि एक नंबर फिरवायला हात कापतो होय?"

आणि एका मंगळवारी दुपारी, मी पाण्याच्या पिंपाशी उभा असताना, एक पांढऱ्या केसांची बाई त्याच्या टेबलाशी आली. हा डोळे स्क्रीनवर रोवून, हेडफोनची एक वाटी जेमतेम सरकवून बसलेला.

"अहो, निवृत्तीचे अर्ज कुठे स्वीकारतात?"

"दुसरा मजला."

"लिफ्ट सुरू आहे का?"

"नाही."

"तुम्ही अजून इथेच बसता?"

"हो. दुसरा मजला म्हटलं ना!"

सरकवलेल्या वाटीतून बारीक आवाज येत होता : दार लावा, मांजर आत येईल. बाई क्षणभर तो ऐकत उभी राहिली. मग जिन्याकडे गेली.

पाऊण तासाने दुसऱ्या मजल्यावरचा कारकून खाली आला. "अरे पूर्णांका, आपली जुनी ऑपरेटरबाई आली होती. म्हणाली, तो अजून मान वर करत नाही."

हा असा धावला की हेडफोनची वायर तुटून सोबत गेली. फाटकापर्यंत पोचला तेव्हा बस सुटून गेली होती. परत येऊन तो माझ्यापाशी बसला.

"तू ऐकलास ना? कसा होता?"

"काय?"

"आवाज रे!"

मी आठवून पाहिलं. "जरा घोगरा. आणि 'स' म्हणताना हलकी शिट्टी वाजते."

"शिट्टी," तो म्हणाला. बराच वेळ वायर बोटाला गुंडाळत राहिला. "ती फार वरच्या पट्टीत असते. फोनमध्ये मावत नाही. मीच कापली होती, पहिल्याच दिवशी."

अर्जावर बाईंची एक सही राहिली होती. म्हणजे त्यांना पुन्हा यावं लागणार. पूर्णांक तीन आठवडे हेडफोन खणात ठेवून, जिन्याकडे तोंड करून बसला.

सही पोस्टाने आली.