मंडळीचं काय करायचं

माझे धाकटे दीर गादीवाले. म्हणजे गाद्या करतात. विकणं त्यांना कधी जमलं नाही. गिऱ्हाईक दारात आलं की हे आधी विचारणार, "झोपणार कोण?"

गिऱ्हाईक म्हणणार, "तुम्हाला काय करायचंय?"

"मला नाही, कापसाला करायचंय."

एकदा एका नव्या जोडप्याला त्यांनी वेगवेगळं बसवून विचारलं. त्याला घट्ट हवी होती, तिला मऊ. यांनी एकाच खोळीत अर्ध्या भागात दाबून कापूस भरला आणि अर्ध्या भागात सैल. दोन महिन्यांनी जोडपं तक्रार घेऊन आलं. भाऊजींनी गादी चाचपून पाहिली आणि म्हणाले, "गादी बरोबर आहे. तुम्ही जागा बदलल्यात."

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. कोपऱ्यात कापूस पिंजायचं यंत्र, मधे सतरंजी, सतरंजीवर खोळ आणि खोळीवर हे, गुडघे टेकून, हातात दाभण. दोरा दातात धरायची सवय, त्यामुळे निम्मं आयुष्य ते ओठ मिटूनच बोलले. ते बोलणं आम्हा घरच्यांनाच कळतं. बाहेरच्यांना सगळं "हं" असंच ऐकू येतं. भुवयांवर, कानांत, मिशीत कायम कापूस. लग्नाच्या दिवशीही होता. त्यामुळे पुढे केस खरंच पिकले तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

त्यांची बायको, म्हणजे माझी धाकटी जाऊ, अगदी उलट्या घडणीची. बोलकी, हातवारे करणारी. चर्चमध्ये रविवारी लहान मुलांचा वर्ग भरतो, तो ती कित्येक वर्षं घ्यायची. अर्ध्या गावाने तिच्याकडे धडे घेतले. नियम एकच. विचारलं की उत्तर द्यायचं. चुकलं तरी चालेल, पण गप्प बसायचं नाही. गप्प बसला की कान पिळलाच. आत्ता जे आमच्या चर्चचे खजिनदार आहेत, त्यांचा डावा कान उजव्यापेक्षा थोडा लांब आहे. मी काही म्हणत नाही, दिसतो तो दिसतो.

भाऊजी तिला "आमची मंडळी" म्हणतात. जुन्या माणसांना बायकोचं नाव घ्यायला लाज वाटायची, तेव्हापासूनची ती रीत. आणि आम्हा ख्रिस्ती लोकांत चर्चला येणाऱ्या सगळ्या माणसांना मिळूनही मंडळीच म्हणतात. एका शब्दाचे दोन संसार. इतकी वर्षं कधी घोटाळा झाला नव्हता.

मग जावेला विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग चुलीवरचं दूध, मग शेजारणीचं नाव. मला ती कधी ओळखते, कधी नुसतीच "या, बसा" म्हणते, जशी काही मी वर्गणी मागायला आलेय. पण दोन गोष्टी तिच्या डोक्यातून हलल्या नाहीत. एक, रविवार. दुसरी, विचारलं की उत्तर द्यायचं.

आमच्या चर्चचे पाळकसाहेब, म्हणजे पाद्री, तरुण आहेत. त्यांना उपदेश करताना प्रश्न विचारायची सवय. विचारतात आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातात. तसं शिकवत असतील त्यांच्या कॉलेजात.

एका रविवारी त्यांनी हात पसरून विचारलं, "आज आपण कुठे उभे आहोत?"

जाऊ पहिल्या बाकावरून म्हणाली, "उभे कुठे? बसलोय की."

लोक हसले. पाळकसाहेबही हसले. थोड्या वेळाने ते आवाज चढवून म्हणाले, "असा कोण आहे, ज्याच्या मनाला भूक नाही?"

"मनाचं माहीत नाही," जाऊ म्हणाली, "पण आज लांबलंय."

हे दर रविवारी व्हायला लागलं. तसं कोणाचं काही बिघडत नव्हतं. पण त्याच सुमारास खजिनदारांच्या सुनेने चर्चमध्ये घडीच्या तिपाईवर मोबाइल लावायला सुरुवात केली. परगावी गेलेल्यांना तिथे बसून उपासना दिसावी म्हणून. पोरगी हुशार आणि कामसू आहे. त्या मोबाइलात पाळकसाहेबांचा उपदेश जायचा आणि मधे मधे जावेची उत्तरंही जायची. परगावचे लोक हसरे चेहरे पाठवायचे. खजिनदारांना ते लागलं.

ते दुकानात आले. भाऊजी गादीला टाके घालत होते.

"काका, काकूंना आता घरीच बसवा. सगळं मोबाइलवर दिसतं. आरामात गादीवर लोळून उपासना ऐकायची. तुमच्याकडे गाद्यांना काय तोटा?"

भाऊजी म्हणाले, "हं."

ते "हं" म्हणजे "तिला विचारावं लागेल" असं होतं. पण तोंडात दोरा. खजिनदारांना होकार ऐकू आला. ते आभार मानून गेले.

भाऊजींनी रविवारी मोबाइल उशीला टेकवून लावला. पाळकसाहेबांनी आतून विचारलं, "तुमचं ओझं कोण उचलणार?" जाऊ म्हणाली, "कसलं ओझं? आधी दाखवा." पाळकसाहेब पुढे निघून गेले. तिने परत विचारलं. मग भाऊजींकडे वळून म्हणाली, "ऐकत नाही हा. घरी कोणी शिकवलं नाही का याला?" आणि मोबाइल पालथा घातला.

पुढच्या रविवारी तिने सकाळीच चांगले कपडे काढले, केस विंचरले, पिशवी मांडीवर घेतली आणि उंबऱ्याशी खुर्ची लावून बसली.

"चला ना, उशीर होतोय."

भाऊजींना खोटं बोलायचा सराव नाही. जे पहिलं सुचलं ते बोलले, "आज चर्च नाही. पाळकसाहेब आजारी आहेत."

तिने तिथेच डोळे मिटून पाळकसाहेबांसाठी प्रार्थना केली. त्याच्या पुढच्या रविवारी परत तेच. "अजून बरे नाहीत?" परत प्रार्थना, जरा लांब. तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, "अहो, मेले का ते? मला सांगत नाही तुम्ही."

भाऊजी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले. तोंडात दोरा नव्हता, तरी बोलायला वेळ लागला.

"वहिनी, मला आता एकतर त्या माणसाला मारावं लागेल, नाहीतर हिला खरं सांगावं लागेल."

"खरं काय आहे?"

"की तू नको आहेस. हे कसं सांगायचं? आणि सांगितलं तरी ती विसरणार. म्हणजे पुढच्या रविवारी परत सांगायचं."

मी चहा ठेवला. दुसरं काय करणार.

इकडे चर्चमध्ये वेगळंच शिजत होतं. माणसं कमी झाली होती. तरुण पोरं तर फक्त लग्नाला दिसायची, तीही जेवणाच्या वेळेला. कमिटीने ठरवलं की सभा घ्यायची, आताच्या काळात आपली मंडळी कशी असावी यावर सगळ्यांनी बोलायचं. चर्चमध्ये जाहीर होण्याआधीच खजिनदार स्कूटरवरून दुकानापुढून चालले होते. गाडी न थांबवता ओरडले, "गादीवाले काका, रविवारी सभा आहे, नक्की या! मंडळीचं काय करायचं ते एकदाचं ठरवून टाकू. असं किती दिवस ओढायचं?"

भाऊजी दाभण हातात घेऊन तसेच उभे राहिले.

त्या रविवारी मी उपासनेला गेले तेव्हा जाहीर झालेलं सगळं नीट ऐकलं. भाऊजी मात्र जावेला शेजारणीपाशी सोडून थेट उपासनेनंतरच्या सभेला आले, उशिरा, आणि मागच्या बाकावर बसले. केसांना तेल लावलं होतं. मिशीत कापूस नव्हता. असा माणूस कोर्टात जातो. काय झालं असं विचारायला मी लांबून मान हलवली. त्यांनीही हलवली. मी धीर देतेय असं त्यांना वाटलं असावं.

खजिनदारांची सून भिंतीवर चित्रं दाखवत होती. परदेशातली चर्चं, निळे-जांभळे दिवे, गिटार, बाकांऐवजी खुर्च्या.

"आधी एक गोष्ट मान्य करू," ती म्हणाली. "आपली मंडळी म्हातारी झालीय."

भाऊजींनी मान डोलावली. हे त्यांना मान्य होतं.

"दिसायला जुनाट आहे. बाहेरचा माणूस बघतो आणि त्याला जवळ यावंसंच वाटत नाही."

भाऊजींची मान थांबली.

"पण थोडा रंग दिला, चांगले दिवे लावले, तर अजूनही उठून दिसेल."

"आणि आवाज," खजिनदार मधेच म्हणाले. "आपल्या मंडळीचा आवाज बाहेर पोहोचतच नाही, हे खरं दुखणं आहे."

"पोहोचतो की!" मागून भाऊजी म्हणाले. सगळ्यांनी वळून पाहिलं.

खजिनदारांनी हात वर केला. "काका, शेवटी बोला. माझं म्हणणं, जुनी अगदी टाकायची नाही. एका बाजूला राहू दे. पण नवी उभी केल्याशिवाय आता गत्यंतर नाही."

भाऊजी उभे राहिले. चर्चमध्ये ते कधी बोलले नव्हते.

"मला नवी नको," ते म्हणाले. "एवढ्या वर्षांनी ही काय भाषा? म्हातारी झालीय, मान्य. मी काय पोरगा आहे? रंग लावू नका, तिला सोसत नाही, अंगाला खाज सुटते. बोलते मोठ्याने, तेही मान्य. पण तुम्ही विचारता म्हणून बोलते. विचारू नका, नाहीतर ऐकून घ्या. ती रविवारी कपडे घालून उंबऱ्यात बसते आणि मला म्हणते चला. मी सांगितलंय पाळकसाहेब आजारी आहेत. तीन आठवडे ती त्यांच्यासाठी प्रार्थना करतेय. आता पुढच्या रविवारी त्यांना मरावं लागणार. तिला काय सांगायचं तेवढं मला ठरवून द्या. मग दिवे लावा नाहीतर काळोखात बसा, मला काही नाही."

आणि ते खाली बसले.

कोणालाच काही समजेना. खजिनदार म्हणाले, "काका, तुम्ही कुठल्या मंडळीबद्दल बोलताय?"

"माझ्या. तुम्ही?"

"आम्ही... म्हणजे... आपल्या सगळ्यांच्या."

मग कुठे लोकांच्या डोक्यात प्रकाश पडला. मागच्या बाकांवर हसू फुटलं, ते पुढे आलं, आणि पुढे येऊन थांबलं. कारण भाऊजी हसत नव्हते. पाळकसाहेबही हसत नव्हते. ते स्वतःच्या छातीला हात लावून बघत होते.

खजिनदार म्हणाले, "हा विषय आजच्या सभेपुढे नाही."

पाळकसाहेब म्हणाले, "माझ्या मरणाचा विषय आहे. तो आधी घेऊ."

विषय घेतला. खजिनदार म्हणाले की काकूंबद्दल आदरच आहे, पण मोबाइलवर परगावचे लोक बघतात, शोभा होते. तेव्हा सून भिंतीजवळूनच म्हणाली, "मी घरी बोलले होते. काकू येईनात तेव्हापासून बघणारे कमी झालेत. लोक विचारतात, त्या आजी कुठे गेल्या?"

"मला नाही बोललीस," खजिनदार म्हणाले.

"बोलले होते. तुम्ही जेवत होता."

खजिनदारांनी वर पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

पाळकसाहेबांनी सांगितलं, काकूंना आणा. आणि यापुढे मी प्रश्न विचारला तर थांबेन. त्यांच्यासाठीच नाही, कोणीही उत्तर द्यावं. उत्तर नको असेल तर मी विचारणार नाही. कोणी हरकत घेतली नाही. दिव्यांचा विषय राहिला, कारण तोवर सगळ्यांना भूक लागली होती.

पुढच्या रविवारी जाऊ आली. दारात पाळकसाहेब उभे होते. तिने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बरे झालात?"

"झालो, काकू."

"वाटत नाही," ती म्हणाली आणि आत गेली.

तिला पहिल्या बाकाच्या कडेला बसवलं. तिच्या पलीकडे, भिंतीकडच्या बाजूला, खजिनदार. भाऊजी आणि मी मागे. सगळं चर्च कान टवकारून होतं. काही पोरं तर खास तेवढ्यासाठी आली होती. पाळकसाहेबांनीही तयारी केली होती. उपदेशात जागोजाग उत्तरासाठी जागा सोडल्या होत्या, हे ते अडखळत होते त्यावरून कळत होतं. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि विचारलं, "आपला शेजारी कोण?"

आणि थांबले.

जाऊ झोपली होती. महिनाभराने चर्चला आल्याचं समाधान असेल, किंवा नुसतीच दमली असेल. डोकं हळूहळू कलत कलत खजिनदारांच्या खांद्यावर गेलं होतं.

पाळकसाहेब थांबलेलेच. दिलेला शब्द होता. सून तिपाईमागून सासऱ्यांकडे बघत होती. मला वाटतं कानाला जुनं काहीतरी आठवलं असावं, कारण शेवटी खजिनदारच बोलले.

"सध्या तरी काकू," ते म्हणाले.

पाळकसाहेबांनी "बरोबर" म्हटलं. मग मागून कोणीतरी म्हणालं की माझा शेजारी रात्री रेडिओ लावतो, त्याचं काय. त्यावर दुसरा बोलला. उपदेश त्या दिवशी ठरलेल्या ठिकाणी पोहोचला नाही. पण कोणी घड्याळ पाहताना मला दिसलं नाही.

शेवटचं गीत झालं, लोक उठले. खजिनदार उठेनात. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला जाऊ.

"काका," ते हळूच म्हणाले, "या कधी उठतात?"

"सांगता येत नाही," भाऊजी म्हणाले. "काल दुपारी झोपली ती दिवे लागले तेव्हा उठली."

"मग?"

"मग काय. बसा."

भाऊजी मागे बसून राहिले. पाळकसाहेब पायरीवर टेकले. सून तिपाई मिटून तिथेच बसली आणि जाणाऱ्यांपैकी चार-सहा जण उगाच रेंगाळले. मी घरी जाऊन जे होतं ते डब्यात भरून आणलं. खजिनदारांचा उजवा हात जावेच्या डोक्याखाली अडकलेला, त्यामुळे ते डाव्या हाताने जेवत होते आणि सांडत होते.

वासाने असेल, जावेने एक डोळा उघडला.

"संपलं का?" तिने विचारलं.

खजिनदारांनी घाईघाईने घास गिळला. "नाही," ते म्हणाले.

ती परत झोपली.