बाहेर सरकणारी भिंत

"आधी मिटलेली दाखवा."

यार्डातला सेल्समन मोठ्या हौसेने बटणावर बोट ठेवून उभा असायचा, आणि काका उजवा तळहात ट्रॅफिक पोलिसासारखा पुढे करून त्याच्या उत्साहावर असं पाणी ओतायचे. मग चष्मा कपाळावर, खिशातली मेजरिंग टेप हातात, आणि स्वारी कॅराव्हॅनच्या आत. मी बाहेर वाळूत उभी.

कॅराव्हॅन म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. त्यातल्या काहींची एक भिंत बटण दाबलं की सोफ्यासकट बाहेर सरकते आणि आतली जागा रुंद होते. तिला स्लाइड-आउट म्हणतात. आपल्याकडे लोक बाल्कनी आत घेतात, हे लोक भिंत बाहेर काढतात, एवढाच फरक. बाकी गिऱ्हाइकं ती भिंत बाहेर गेली की हरखतात, फोटो काढतात, सोफ्यावर बसून बघतात. काकांना ती आत घेतलेली बघायची असायची. "उघडल्यावर काय, सगळंच छान दिसतं," असं ते म्हणायचे.

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्या शिरल्या जो बाहेर पडायचा दरवाजा शोधतो, तो.

काका इथे आखातात, आमच्या अल क्वोजच्या फॅक्टरीत क्वालिटी विभागात होते. माल चांगला आहे असं त्यांनी कधी म्हटलं नाही. फार झालं तर "सध्या तरी दोष दिसत नाही." मी त्याच ऑफिसात परचेसला. माझं काम म्हणजे तीन कोटेशनं मागवायची, एक निवडायचं, ऑर्डर द्यायची, खलास. त्यामुळे आमचं ऑफिसातही कधी पटलं नाही. पण राहायला आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये, आणि मागे कॅराव्हॅन जोडण्याचा हुक असलेली मोठी गाडी बिल्डिंगमधल्या मराठी माणसांत एकट्या माझ्याकडे. म्हणून दर शनिवारी मी त्यांची सारथी. माझा नवरा लांब रुवैसच्या रिफायनरीत. तो शुक्रवारी रात्री यायचा आणि रविवारी परत जायचा. त्यातला शनिवार मी यार्डात घालवायचे. घरात या विषयावर काय बोललं गेलं असेल ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

हे सगळं काकूंसाठी चाललं होतं.

काकूंना पॅरालिसिसचा झटका येऊन गेला होता. डावी बाजू गेली ती परत आली नाही. जीभ मात्र शाबूत, आणि पूर्वीपेक्षा धारदार. त्या मूळच्या गुहागरच्या. "आमच्याकडे सूर्य समुद्रात बुडतो," त्या मला म्हणाल्या होत्या. "जन्मभर त्याला बुडतानाच पाहिलंय गं. समुद्रातून वर येताना नाही पाहिला. इथे फुजैराला, पूर्वेच्या किनाऱ्यावर, येतो म्हणतात. मला एकदा अंथरुणातून पडदा सारून तो बघायचाय. वाळूवरून. हॉटेलच्या बाराव्या मजल्यावरून नाही."

त्यांचं मागणं एवढंच होतं. मे महिन्यात काका रिटायर होणार होते. नोकरी संपली की व्हिसा संपतो, आणि व्हिसा संपला की पुण्याचा फ्लॅट. इथे बाहेर झोपण्यासारखी हवा नोव्हेंबर ते मार्च. म्हणजे काकूंच्या हातात एकच हिवाळा होता, आणि हे आम्हा तिघांनाही पक्कं ठाऊक होतं.

आता मुद्दा असा की व्हीलचेअर वळायला जागा लागते. स्लाइड-आउट नसलेल्या कॅराव्हॅनमध्ये ती सरळ आत जाते, पण वळत नाही. काकांनी घरी येऊन काकूंना समजावलं, "आत जाताना पुढे, बाहेर येताना रिव्हर्स."

"मी काय ट्रक आहे?" काकू म्हणाल्या. "मागे पिप पिप पण लावा."

म्हणून स्लाइड-आउट हवी. भिंत बाहेर गेली की खुर्ची आरामात गोल फिरते, पलंगापासून बाथरूमपर्यंत जाता येतं. झालं ना? मी पहिल्याच शनिवारी म्हटलं, "काका, यल्ला, चला, घेऊन टाका." किंमतसुद्धा आटोक्यात होती. सेल्समनने दिऱ्हॅममध्ये सांगितली, काकांनी मोठ्याने रुपयांत करून बघितली आणि मान हलवली. पैशाची अडचण नव्हती.

"आणि मिटलेली असताना?" काका म्हणाले. "सोफा थेट ओट्याला येऊन टेकतो. मधे माणूस आडवा होऊन जाईल. वाटेत तिला बाथरूमला जावं लागलं तर?"

"वाटेत थांबू, उघडू."

"पेट्रोल पंपावर भिंत बाहेर काढायची? लोक काय म्हणतील?"

"मग पंपावरचं बाथरूम वापरू."

"आणि मोटर बंद पडली तर? मिटलेली असताना पडली तर ती खुर्चीवरून आत कशी जाणार? उघडी असताना पडली तर आपण घरी कसे येणार?"

सेल्समन पेशावरचा, सोशिक माणूस. "अंकल, हाताने फिरवायचं हँडल दिलंय," असं त्याने हिंदीत सांगितलं. काकांनी हँडल मागवलं, फिरवलं, पुन्हा फिरवलं. "कडक आहे. घाईत फिरणार नाही." मग खाली वाकून रबराची पट्टी बघितली. "यात वाळू जाणार. फुजैराची खारी हवा लागणार. वजन वाढतं ते वेगळं." तोवर मी गाडीत एसी लावून बसले होते.

पुढच्या शनिवारी स्लाइड-आउट नसलेल्या कॅराव्हॅन बघायला गेलो. "हलणारा भाग नाही म्हणजे बिघडायला काही नाही," काका खुशीत होते. मग त्यांनी फॅक्टरीतून आणलेली रिकामी व्हीलचेअर आत नेली, ती ओट्यात अडकली, आणि आम्ही पुन्हा पहिल्या यार्डात. असे डिसेंबरचे सगळे शनिवार गेले. माझी मुलगी एकदा सोबत आली होती. ती म्हणाली, "मॉम, ही इज नॉट बाइंग इट. ही इज इंटरव्ह्यूइंग इट." मला हसू आलं नाही. पेशावरचा सेल्समन आता आम्हाला लांबून बघूनच चहा सांगायचा आणि बटणाजवळ फिरकायचाही नाही.

मी सुचवलं, एका रात्रीपुरती भाड्याने घेऊ. काका दचकले. "दुसऱ्यांनी वापरलेली मोटर?"

मी काकूंना म्हटलं, काकांना राहू दे, तुम्ही आणि मी जाऊ. वाळूवर खुर्ची लावू, पहाटे निघू. त्यांनी उजव्या हाताने माझा हात धरला. "त्यांना सोडून नको गं. मी तिकडे सूर्य बघेन आणि ते इथे मिनिटं मोजत बसतील." मग म्हणाल्या, "जपतात मला. कपाटातल्या चांगल्या कपबशांसारखं. चहा मात्र कोणी ओतत नाही."

जानेवारीत मी काकांवर चक्क ओरडले. रास अल खोरच्या यार्डाबाहेर, गाडीत. "काका, दोन्हीत दोष आहेत. जगात बिनदोषाची गाडी नाही. एक दोष निवडा आणि चला!"

काकांनी लावलेला सीटबेल्ट पुन्हा तपासला. मग म्हणाले, "मी एकदा झटकन ठरवलं होतं."

तेव्हा मला ते कळलं. अल ऐनहून परत येताना गाडीत काकूंचा हात जड झाला होता. त्या म्हणाल्या, बोटं कळत नाहीत. काका म्हणाले, ऊन लागलंय, घरी जाऊन पड, लिंबू-सरबत घे. "हॉस्पिटल डाव्या हाताला होतं," काका म्हणाले. "बोर्ड दिसला मला. मी सरळ आलो. घरी पोचेपर्यंत तिचं तोंड वाकडं झालं होतं." एवढं बोलून त्यांनी टेप खिशातून काढली, थोडी बाहेर ओढली आणि सोडून दिली. ती सर्रकन आत गेली.

त्या दिवशी मी गाडी घराकडे वळवली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण पुढच्या शनिवारी तेच पुन्हा सुरू झालं, रबर, मोटर, हँडल, आणि माझा राग परत आला, आधीपेक्षा जास्त. चूक काकांची होती. ते ती रोज उगाळत होते, हे मान्य. पण त्यापायी चौथ्या मजल्यावर कोंडून राहत होत्या त्या काकू. ज्यांचं आधीच अर्धं अंग गेलं होतं त्यांचाच हिवाळाही जात होता. हे काकांना दिसत नव्हतं असं मला वाटत नाही. दिसत होतं, तरी त्यांचा पाय उचलत नव्हता. अशा माणसाचं काय करायचं, हे मला अजूनही कळलेलं नाही.

फेब्रुवारी गेला. मार्चमध्ये एक कॅराव्हॅन जवळजवळ ठरली होती. काकांनी रॅम्पचं मापसुद्धा फॅक्टरीत दिलं. मग छताच्या कोपऱ्यात त्यांना ओलीचा डाग दिसला. एप्रिलमध्ये दुपारी कॅराव्हॅनच्या दाराच्या तापलेल्या कडीला हात लागेना. काकूंनी विषय काढणं सोडलं. मी विचारलं तर म्हणायच्या, "इन्शाल्ला." इथे 'नाही' म्हणायची ती सर्वांत सभ्य रीत आहे.

मे महिन्यात सामान विकलं गेलं. पलंग, सोफा, कपाटं, सगळं. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्यासाठी पिठलं-भाताचा डबा घेऊन वर गेले. दार उघडंच होतं. हॉल मोकळा, आवाज घुमत होता, आणि काका गुडघ्यांवर बसून फरशीवर पिवळी चिकटपट्टी लावत होते. फॅक्टरीत पेंटिंगच्या वेळी वापरतो तीच.

"ठरलं," ते वर न बघता म्हणाले. "स्लाइड-आउटवालीच."

मला आधी कळेचना. मग लक्षात आलं. त्यांनी फरशीवर आख्खी कॅराव्हॅन आखली होती, खऱ्या मापाची. इथे पलंग, इथे ओटा, इथे बाथरूम, आणि एका अंगाला बाहेर आलेला चौकोन, ती सरकलेली भिंत. घरात सामान असेपर्यंत एवढी जागाच नव्हती.

मी रागाने लाल झाले. उद्या विमान. आता ठरलं! आता, जेव्हा काही बिघडूच शकत नव्हतं. डबा हातात घेऊन मी तरातरा त्यांच्याकडे निघाले.

"अगं अगं, भिंतीतून कुठे येतेस?" काकू ओरडल्या. "दारातून ये."

त्या आत होत्या, खुर्चीवर. मी खाली बघितलं, मागे सरले, आणि आखलेल्या दारातून आत गेले.

काकांनी खुर्चीच्या मुठी धरल्या आणि काकूंना सावकाश गोल फिरवलं. चाक पट्टीला कुठेही लागलं नाही. "बघ, वळते," ते म्हणाले. "पलंगापासून बाथरूम. बाथरूमपासून ओटा. कुठेही रिव्हर्स नाही."

"वळते हो," काकू म्हणाल्या. त्यांनी काकांकडे बघितलं नाही, समोर बघत होत्या. "आणि समुद्र?"

काकांनी बोट दाखवलं. पलंग त्यांनी बरोबर हॉलच्या खिडकीसमोर आखला होता. "पूर्व तिकडे."

खिडकीबाहेर समोरचा टॉवर होता. काकूंनी मान वळवून तिकडे बघितलं. मग म्हणाल्या, "सकाळी मला लवकर उठवा." त्या चेष्टेत म्हणाल्या की खरंच, ते मला ओळखू आलं नाही. उरलेली गादी काकांनी त्या आखलेल्या पलंगावरच घातली.

सकाळी एअरपोर्टला न्यायला गेले तेव्हा काकू जाग्या होत्या, वेणी घातलेली, साडी नेसलेली. मी विचारलं, "दिसला?"

"समोरच्या बिल्डिंगच्या मागे उगवला," त्या म्हणाल्या. "उगवला एवढं कळलं."

काका बॅगांना कुलपं लावत होते, त्यांची पाठ आमच्याकडे होती. ते वळले नाहीत. एअरपोर्टवर व्हीलचेअर न्यायला एअरलाइनचा माणूस आला आणि काकूंना घेऊन झपाझप पुढे निघून गेला. काका दोन पिशव्या सावरत मागे धावले. माझा निरोप घ्यायचा राहिलाच.

दुपारी घर साफ करून चावी परत द्यायची होती. मी फरशीवर बसून पट्टी ओढायला लागले. थोडी सलग निघाली, थोडी तुकड्या-तुकड्यांनी. मी काकांना मोठमोठ्याने शिव्या देत होते, आणि रडत होते, आणि नखं दुखत होती. बिल्डिंगचा वॉचमन चावीसाठी आला आणि दारात थबकला. अर्धी कॅराव्हॅन अजून फरशीवर होती.

"ये क्या है, मॅडम?"

मी सांगितलं. अंकल-आंटींना एकदा फुजैराला जायचं होतं, त्याची तयारी होती.

"फुजैरा?" तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय. "फुजैरा तो यहीं है, मॅडम. डेढ घंटा."