न भिजलेली टेप

मुलुंडला आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या ड्रमरने गेल्या महिन्यात फोन केला. "माझा तो जुना सोलो अल्बम येतोय. मागच्या कव्हरवर तू लिही."

मी अभिनंदन केले आणि फोन ठेवून जुन्या कात्रणांची फाइल काढली. हा अल्बम येऊ शकत नव्हता. जोगेश्वरीच्या स्टुडिओत पाणी शिरून त्याची एकमेव टेप वाया गेली, ही बातमी पंचवीस वर्षांपूर्वी मीच पेपरात दिली होती. त्याचा प्रोग्रेसिव्ह रॉक बँड त्याआधीच फुटला होता. संशय सरळ होता: तो आता नव्याने वाजवून जुने म्हणून खपवणार, आणि खाली माझे नाव.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. टेपचा खोका टेबलावर होता. पुठ्ठा ताठ. लेबलवरची शाई कुठेही फुटलेली नाही. खोक्याला डांबरगोळ्यांचा वास. त्याने संगणकावर उतरवलेले रेकॉर्डिंग लावले.

तिसऱ्या रचनेत सात मात्रांतून चार मात्रांत परत यायचे होते; अशा जागी तो पूर्वी नेहमी लय सोडून पुढे पळायचा. बँडमधले विचारायचे, "घरी दूध उतू जातंय काय रे?" मी त्या जागेची वाट पाहत बसलो. तो पळाला. नव्याने वाजवताना त्याने ही चूक ठेवली नसती; म्हणजे रेकॉर्डिंग जुनेच होते. खोटी होती ती बातमी.

"टेप कुठे होती?"

"स्टुडिओवाल्याकडे सापडली. साफ करून घेतली. तसंच लिही ना."

"डांबरगोळ्याही त्यानेच घातल्या?"

स्वयंपाकघरातून त्याची बायको म्हणाली, "आमच्या पलंगाच्या पेटीत होती, भावोजी. स्वेटरांखाली. तुम्ही तरी तेव्हा म्हणालात का, दाखव म्हणून?"

म्हणालो नव्हतो. स्टुडिओतले पाणी मी डोळ्यांनी पाहिले होते. टेपचे त्याने सांगितले आणि मी छापले.

त्याने रेकॉर्डिंग बंद केले. "ती जागा मला ऐकवत नव्हती. म्हटलं, पुन्हा वाजवीन, मग काढीन. पाण्याचं निमित्त बरं सापडलं." मग मनगट चोळत म्हणाला, "आता पळायचं म्हटलं तरी जमत नाही. पण हे छापलंस तर लोक मला खोटारडा म्हणतील."

"आणि नाही छापलं तर मी खोटारडा."

मी मजकूर लिहून त्याच्याकडे दिला. पहिले वाक्य: टेप भिजली नव्हती, ती बातमी माझी होती आणि ती चूक होती. तिसऱ्या रचनेतल्या घाईचा उल्लेख शेवटी होता.

संध्याकाळी तो कागद घेऊन वर आला. दारातच म्हणाला, "टेपचं राहू दे. घाईचं काढ."

"लोकांना ऐकू येईलच ना."

"ऐकू दे की. वाचायला कशाला?"

ते वाक्य मी त्याच्यासमोर खोडले. त्या जागी लिहिले: टेप मी स्वतः पाहिली आहे.