ग्रहणात भाजलेली पृथ्वी

मंडळी, मी बोलतेय आणि माझी गरोदर नातसून टाइप करतेय. तिनं मध्येच स्वतःचं कौतुक घुसडलं तर तुम्हीच ओळखा, मला काही वाचता येत नाही.

आज संध्याकाळी चंद्रग्रहण होतं. पोरगी म्हणाली, "आजी, माले भूक लागनी." तिची सासू, म्हणजे माझी सून, लगेच कडाडली, "ग्रहणमा गरोदर बाईनी खावानं नही!"

पोरीनं मोबाईलची बॅटरी लावली, हा सूर्य. त्याच्यापुढे असोद्याचं भरताचं वांगं धरलं, ही पृथ्वी. वांग्यामागे लिंबू, तो चंद्र. वांग्याची सावली पडली आणि लिंबू काळवंडलं. वांगं बाजूला सरकवलं, तर पुन्हा पिवळंधमक!

"एवढंच शे ग्रहण, सासूबाई. सावली चंद्रवर पडस, मना पोटवर नही."

सून माझ्याकडे बघत म्हणाली, "मंग राहू कोठे शे?"

मी म्हटलं, "राहू सापडी तव्हय सापडी. पहिले ती पृथ्वी भाज!"

पुटपुटत उठली बिचारी. भरीत तिनंच कुटलं, आपल्या सुनेला पोटभर वाढलं आणि मग "चव बघते" म्हणत स्वतःही भाकरी घेऊन बसली.

चंद्र सुटला तेव्हा आमच्या ताटात पृथ्वी उरली नव्हती. तुमच्याकडे आज कोणाकोणाला उपाशी ठेवलं?