नानांचा राहिलेला डायलॉग

आज सकाळी नाना गेले, आणि इथे हे सांगायला माझ्याजवळ एक माणूस नाही.

रूमवर सगळे नाइट शिफ्ट करून झोपलेत. बिहारची पोरं. चांगली आहेत. पण "नाना गेले" म्हटलं तर ते आईचे वडील समजतात. माझे नाना म्हणजे वडिलांचे वडील. झोपेतून उठवून हे कुठे समजावत बसू?

तामिळनाडूतून पिंपळनेरला पोचायला दोन दिवस लागतात.
पप्पा फोनवर म्हणाले, "तू निघू नको. तोवर काय ठेवणार? दुपारी उरकतो."

म्हणून इथे लिहितोय.

नाना जन्मभर शेतातले. पण तरुणपणी एकदा नाटकात काम केलेलं. देश स्वतंत्र होऊन आठ-दहा वर्षं झाली असतील. गावच्या जत्रेत पोरांनी नाटक बसवलं होतं, शाळेतल्या मास्तरांनी लिहिलेलं.

गोष्ट साधी. मुलाला गाव सोडून गिरणीत जायचंय, बाप नको म्हणतो. नाना मुलगा झाले होते.

सामान घराघरातून मागून आणायचं. ह्याची खाट, त्याचा कंदील. भांड्यांवर ज्याची त्याची नावं कोरलेली. नाटक चालू असताना बायका खालून ओरडायच्या, "ओ, तो तांब्या आमना शे. आपटू नका."

मास्तरांनी नानांना शिकवलं होतं, "तोंडानं जातो म्हणायचं. पण सदरा ट्रंकेत ठेवायचा, परत काढायचा, परत ठेवायचा. ह्याचा पाय निघत नाही, हे लोकांना हातावरून कळलं पाहिजे."

तालमीत नानांना ते जमायचंच नाही.
कारण त्यांचा पाय खरंच निघालेला होता.

सुरतेला कापडगिरणीत काम मिळत होतं. पण आबांना, म्हणजे आपल्या वडिलांना, विचारायची हिंमत नव्हती. एकुलता एक मुलगा. जत्रा झाली की सकाळी नवापूरची मोटार गुपचूप धरायची, असं ठरलं होतं.

आता भरलेली ट्रंक घराबाहेर कशी काढायची?

नाटकाला पाहिजे म्हणून.

उलट आबांनीच ती खांद्यावर घेऊन स्टेजपर्यंत आणली. "एवढं काय भरं रे?"
"जड दिसाले जोयजे ना, आबा."

नानांनी ट्रंक अशी ठेवली होती की आतलं कुणाला दिसू नये. पडदा उघडायच्या आधी मास्तरांनी ती लोकांच्या बाजूला फिरवली. दिसायला नको का सगळ्यांना?

नानांनी कडी काढली आणि झाकण उडालं.

वर एक गाठोडं होतं. ते नानांनी ठेवलेलंच नव्हतं.

उचललं तर गाठ सुटली. आबांच्या जुन्या फेट्याचं फडकं, आणि आत दशम्या.

दशमी म्हणजे दुधात पीठ भिजवून केलेली भाकर. जास्त टिकते. आमच्याकडे ती गावाला निघालेल्या माणसाला बांधून देतात.

म्हणजे नानांच्या आईला कळलं होतं. तिने अडवलं नाही, विचारलं पण नाही. दशम्या करून ठेवल्या.

नाना एका हातात सदरा, एका हातात दशम्या घेऊन उभे. सदरा ठेवायला ट्रंकेत जागा नाही. दशम्या खाली ठेववत नाहीत.
सगळ्यांना वाटलं, काय काम करतोय पोरगा.

फक्त पुढे बसलेले आबा आपल्या फेट्याकडे बघत होते.

नाटकातल्या बापाने विचारलं, "मग जातोस ना?"
नानांचा डायलॉग एवढाच होता. "जातो."
तोंडातून निघेना.
पडद्यामागून मास्तर हळूच, "जातो म्हण. अरे, जातो म्हण."

तेव्हा आबा खालूनच बोलले, "सांगी दे ना रे. मी बी ऐकस."

लोक खूप हसले. आबांना नाटक खरं वाटलं म्हणून.

डायलॉग राहिला. पडदा ओढून घेतला.

ट्रंक आबांनीच घरी आणली. पुढे दोन दिवस तिघं शेतात त्या दशम्या खात होते. आबा एवढंच म्हणाले, "गोड झायात."

नाना सुरतेला गेले नाहीत. कुठेच गेले नाहीत.

हे त्यांनी मला मागच्या दिवाळीनंतर फोनवर सांगितलं. मी विचारलं, "आबांनी अडवलं म्हणून राहिलात?"
"अडावं असतं ते निघी गयतू, भो. त्यास्नी अडावंच नई."

अडवलं असतं तर नाना निघून गेले असते. फोन ठेवला आणि मी तसाच जिन्यात बसलो.

मी शाळा सोडून इकडे निघालो तेव्हा घरात सगळे जा म्हणत होते. एकटे नाना आडवे आले. स्टँडवर, चारचौघांत. "काय सोनं शे तठे? तुन्हाघाई काही व्हणार नई. उद्या परत येशी."

मला असा राग आला की खिडकीतून बाहेर बघितलं पण नाही.

पहिल्या वर्षी इथे किती वेळा बॅग भरली. भाषा कळत नव्हती, जेवण जात नव्हतं. पण नानांचं ते "तुझ्याच्यानं काही होणार नाही" आठवायचं, आणि बॅग परत रिकामी करायचो. त्या रागावरच मी इथे टिकलो.

नाना, तुम्ही मला अडवलं ते मी राहावं म्हणून, की मी निघावं म्हणून?

फोनवर असलं विचारता येत नाही. गावी आलो की बांधावर बसून विचारू, म्हटलं होतं.

आता दुपार झाली. तिकडे निघाले असतील.

मला खरंच माहीत नाही, नाना. आणि आता मला राग पण येत नाहीये. त्याच्याशिवाय इथे कसं राहायचं, ते बघतो.

इथूनच पाया पडतो. सावकाश जा.