दुपारी दोनला तुटणारी लाइन

६ मे, मंगळवार. महाड, सीटी स्कॅन सेंटर, दुपारी पावणेदोन. हजर : सेंटरच्या मालक डॉ. मेधा, टेक्निशियन नितीन आणि मी. गैरहजर : पोलादपूरचा केबल ऑपरेटर दिलीप. त्याला आम्ही बोलावलंच नव्हतं.

मी महाडमध्ये नेटवर्कची कामं करते. प्रत्येक कामाचं वहीत एक पान असतं, वर तारीख आणि कोण कोण होतं ते. पुढे वाद झाला की उपयोगी पडतं. या पानावर वाद होणार हे मला दिसत होतं.

आम्ही तिघंही नव्या मोडेमच्या दिव्यांकडे बघत होतो. फायबरच्या तारेतून प्रकाश येतो, त्याचं इंटरनेट करणारा डबा म्हणजे मोडेम. सेंटरमध्ये आधी दिलीपचा भाड्याचा डबा होता. पंधरा दिवस रोज दुपारी दोनच्या सुमाराला लाइन तुटायची, चारनंतर सुरळीत व्हायची. पोलादपूरच्या हॉस्पिटलचे पेशंट इथे सीटीला येतात. फोटो पुण्याच्या डॉक्टरांकडे जातात, तासाभरात रिपोर्ट येतो. लाइन गेली की रिपोर्ट अडकतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून एक सीटी चढायला पाऊण तास लागतो. हॉस्पिटलच्या मॅनेजरने सांगून टाकलं होतं, शनिवारपर्यंत बघतो, नाहीतर पेशंट माणगावला पाठवतो. पोलादपूरचे पेशंट गेले तर सेंटरचं अर्धं काम गेलं.

"दिलीपच्या मेव्हण्याला पोलादपुरात सीटी टाकायचंय," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "आता बोला."

भाड्याच्या डब्याचा पासवर्ड ऑपरेटरकडे असतो. तो पोलादपुरात बसून महाडचा डबा बंद-चालू करू शकतो. म्हणून मी सुचवलं, स्वतःचा डबा घ्या, पासवर्ड स्वतःचा ठेवा. एकच अडचण होती. नव्या डब्याचा नंबर ऑपरेटरने आपल्या सिस्टिममध्ये चढवल्याशिवाय तो चालत नाही. मी फोन केला तेव्हा दिलीप म्हणाला, "बाहेरचा डबा हाय, जबाबदारी तुमची, ताई." आणि दहा मिनिटांत नंबर चढवला.

"इतक्या पटकन?" डॉक्टर म्हणाल्या. उशीर केला असता तरी त्यांना संशयच आला असता. मलाही ते खटकलं होतं.

दोन वाजून आठ मिनिटांनी नव्या डब्याचा दिवा लाल झाला.

"झालं," नितीन म्हणाला. "डबा आपला, पण तार त्याचीच."

मी वहीत वेळ लिहिली. बुधवारी दोनला पाच कमी असताना लाइन गेली. गुरुवारी गेलीच नाही. नऊ ते सहा एकदाही नाही. नितीनने चौकशी केली. दिलीप सकाळपासून तुडीलला लग्नाला गेला होता, फोनसुद्धा उचलत नव्हता.

मी वहीतल्या त्या ओळीखाली दोनदा रेघ मारली. बावीस वर्षं हे काम करते, पण इतका सरळ पुरावा क्वचित मिळतो.

शुक्रवारी सकाळी डॉक्टरांनी हॉस्पिटलच्या मॅनेजरला फोन लावला. मी समोरच होते. "आमच्याकडे दोष नाही," त्या म्हणाल्या. "ऑपरेटर मुद्दाम तोडतोय. त्याच्या मेव्हण्याचं सेंटर येतंय ना. आमच्या इंजिनिअर मॅडमकडे तारीखवार नोंदी आहेत." मॅनेजरने फोन माझ्याकडे द्यायला सांगितला. मी तारखा वाचून दाखवल्या. गुरुवारचं लग्नही सांगितलं.

मग दिलीपला बोलावलं. दीड वाजता तो पोलादपूरहून मोटरसायकलवर आला. डोक्याचा रुमाल सोडून घाम पुसत आत शिरला.

"आज दोनला काय होतंय ते आमच्यासमोर बसून बघ," डॉक्टर म्हणाल्या. "फोन टेबलावर ठेव."

"ठेवतो की. मला कोन फोन करतंय?" त्याने फोन ठेवला आणि पिशवीतून मीटर काढलं. तारेतून प्रकाश किती येतो ते मीटर दाखवतं. आकडा मीही बघितला. उत्तम होता.

"लाइनीत काय नाय," तो म्हणाला. "डबा कुठं हाय?"

नितीनने वर बोट केलं. पुढची खोली म्हणजे पत्र्याची पडवी आहे. पत्र्याखाली हातभर अंतरावर फळी, फळीवर डबा, त्याचा अडॅप्टर, जुन्या फायली.

"एवढ्या वर कुनी चढवला?"

आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत राहिलो. महाडमध्ये हे कोणी विचारत नाही. पूर येऊन गेल्यापासून आमच्याकडे इन्व्हर्टर, कागदपत्रं, मिक्सर, सगळं भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेच्या वर असतं. सीटीचं मशीन उचलता येत नाही म्हणून ते खाली. माझ्या दुकानातला डबाही माळ्यावरच आहे. जुना डबा दिलीपच्या माणसाने खाली टेबलावर लावला होता. पंधरा दिवसांपूर्वी साफसफाईत डॉक्टरांनी तो वर ठेवून घेतला. मी त्याच फळीवर नवा ठेवला, आणि चांगली जागा म्हणून मनात शाबासकीही दिली.

"पोलादपुरात पानी नाय चढत," दिलीप म्हणाला. "आमचा डबा आपला टेबलावर."

तो स्टुलावर चढला, डब्याला हात लावला आणि लगेच काढून घेतला. "ताई, लावा बघू हात."

मी लावला. पोळला. मे महिना, दुपार, वर तापलेला पत्रा. डबा गरम झाला की बंद पडतो, ऊन उतरलं की चालू. गुरुवारी दिवसभर मळभ होतं. माझ्या वहीत लग्नाची नोंद होती, आभाळाची नव्हती.

डबा खाली काउंटरवर आणला. दोन वाजले, तीन वाजले, दिवा हिरवाच. शनिवारी चार सीटी वेळेत गेल्या. हॉस्पिटलचे पेशंट राहिले.

शुक्रवारी निघताना दिलीपने विचारलं, "आमचा डबा चांगला व्हता. काढलात कशाला?"

"पासवर्ड आपल्याकडे असावा म्हणून," मी म्हणाले. डॉक्टर कॉम्प्युटरमध्ये काहीतरी शोधायला लागल्या. चहा घेऊन तो गेला.

यातून कामाची गोष्ट एवढीच, की लाइन तुटायला लागली तर आधी डब्याला हात लावून बघा, माणसाचा विचार नंतर करा. नोंदी ठेवल्याने नोंदी खऱ्या होतात, निष्कर्ष खरे होत नाहीत. नवा डबा घ्यायची गरज नव्हती, हेही लिहून ठेवते.

नंतर कळलं, हॉस्पिटलमध्येही दिलीपचीच लाइन आहे आणि ती बदलायचं तिथे घाटतंय. मॅनेजर लोकांना सांगतो, महाडच्या मॅडमकडे तारीखवार पुरावा आहे. ते फोनवर खोडून निघणार नाही. पोलादपूरला जाऊन, वही समोर ठेवून सांगायला हवं. डॉक्टर म्हणतात तुम्ही जा, मी म्हणते आपण दोघी जाऊ. त्या पानावरच्या बाकी सगळ्या कामांसमोर खूण झाली आहे. हे एक अजून व्हायचंय.