रावसारांच्या घरचं सकाळचं पान

कुंभकोणमहून फोन आला तेव्हा मी दवाखान्यात एका गृहस्थांचं पोट दाबून पाहत होतो. पलीकडे कमला होती. "काका, अण्णा गेले," एवढंच ती म्हणाली. मी "बरं" म्हणालो, रिसीव्हर ठेवला आणि पुन्हा त्या गृहस्थांचं पोट दाबायला लागलो. बराच वेळ दाबत राहिलो असणार, कारण शेवटी तेच म्हणाले, "डॉक्टर, काही गंभीर आहे का?" मग मी हात काढला… कमलाचे अण्णा म्हणजे माझे पहिले वरिष्ठ, डॉ. सेतुमाधवराव. तिकडे 'सर'चं 'सार' होतं, म्हणून अख्ख्या गावाचे ते रावसार. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. मधे मी तिकडे जाऊनही आलो. तरी लिहायला बसलं की मला रावसार आठवत नाहीत, त्यांच्यासमोर घाम पुसत उभा असलेला मीच आठवतो. तेव्हा या लेखात मी जरा जास्त दिसलो तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. वडील मद्रासला पोस्टात होते, त्यामुळे माझी डॉक्टरी तिथेच झाली आणि मग मेडिसिनच्या उमेदवारीसाठी मी कुंभकोणमच्या एका धर्मादाय इस्पितळात दाखल झालो. आजूबाजूच्या खेड्यांतून बैलगाडीत घालून माणसं यायची, बहुतेक उशिरा यायची. औषधांचं कपाट लहान होतं आणि माझा आत्मविश्वास मोठा. पहिल्याच आठवड्यात मी एका भटजीबुवांच्या हृदयाच्या आवरणाला सूज असल्याचं जाहीर केलं. छातीवर नळी ठेवली की खरखर ऐकू येत होती, अगदी पुस्तकात लिहिलीय तशी. रावसारांनी ऐकलं, मग दोन बोटांनी बुवांचं जानवं बाजूला केलं आणि हसून म्हणाले, "आता ऐक." खरखर गेली होती. पुढे एकदा दुपारी मला अख्ख्या वॉर्डाला ताप आढळला. मी साथ जाहीर करण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात सिस्टरनं सांगितलं की आत्ताच कॉफी वाटून झालीय. कुंभकोणमची कॉफी पेल्यातून वाफ निघत असतानाच प्यायची असते, हे थर्मामीटरला ठाऊक नव्हतं आणि मलाही. या वेळी मात्र रावसार हसले नाहीत. "आणिक एक चूक, आणि मी तुज दाखला देणार नाही," ते म्हणाले. त्यांची मराठी तंजावरी, जुन्या वळणाची. त्या मराठीतून रागावलं की एखाद्या दरबारातून हद्दपार होत असल्यासारखं वाटे.

अशा वेळी त्यांचे वडील माझ्या वॉर्डात आले. थोरले अप्पा. जवळच्याच गोविंदपुरमच्या भजनांना आयुष्यभर झांज वाजवलेला, काटकुळा, हट्टी, गोड म्हातारा. मधुमेह जुना, त्यात पायाला जखम झालेली. आपल्या माणसावर आपण औषध चालवायचं नाही, हा रावसारांचा नियम. म्हणून त्यांनी अप्पांना माझ्या स्वाधीन केलं आणि स्वतः खाटेच्या पायथ्याशी नातेवाइकासारखे उभे राहिले. अप्पांकडून एक शब्द मात्र घेतला, इन्शुलिन चालू आहे तोवर एकादशी करायची नाही. "नाही करणार रे बाबा," अप्पा म्हणाले. इस्पितळाचं अन्न त्यांना चालत नसे, म्हणून रोज सकाळी सूनबाईंच्या हातचा डबा यायचा. मी आधी सुई टोचायची, मग त्यांनी डबा खायचा, असा क्रम.

त्या दिवशी मी सुई टोचली. डबा उघडला. इडल्या, वर तुपाचा हात, बाजूला चटणी. अप्पांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आमच्या मेसमधला सकाळचा उपमा भिंतीला लावला असता तर गिलाव्याचं काम झालं असतं, आणि ते माझ्या चेहऱ्यावर दिसत असावं.

"देशावरच्या, भूक लागली काय रे?"

"नाही अप्पा."

"खोटं बोलू नक्को. माझं पोट आज जड अहे. डबा परत गेला की सून रडते. तू खा, मी थोड्या वेळानं कांजी मागवतो."

मी खाल्लं. चटणीसुद्धा पुसून खाल्ली. त्या दिवशी तिथी कोणती हे मला ठाऊक असतं तर… पण घरात आई कॅलेंडर बघायची, आणि मी फक्त सुट्ट्या.

राउंडच्या वेळी अप्पा हाकेला ओ देईनात. डोळे अर्धे मिटलेले, कपाळ ओलं, जबडा घट्ट. सिस्टरनं रावसारांना बोलावलं. ते धावत आले, आणि त्यांना धावताना मी तेव्हाच प्रथम पाहिलं. त्यांनी नाडी धरली, डबा उचलला, उघडून पाहिला. रिकामा. सकाळच्या लघवीच्या तपासणीची नळी अजून स्टँडवर होती, विटेसारखी लाल, म्हणजे लघवीत साखर भरपूर. "कालपासून गोड खात असणार," ते पुटपुटले, "वर आता जेवलेतही… साखर चढली. कोमा अहे. सिस्टर, इन्शुलिन. मोठा डोस."

आपल्या माणसावर औषध चालवायचं नाही, हे तेच म्हणत असत. पण त्या क्षणी खाटेजवळ डॉक्टर नव्हता, मुलगा होता, आणि त्याला ते कुणी सांगायचं? माझ्या डोक्यात पुस्तकातलं एक पान फडफडत होतं. साखर चढून शुद्ध जाते तेव्हा कातडी कोरडी असते, आणि हे तर भिजलेत. मी तेवढं म्हणालो. "चैत्राचा उकाडा अहे," रावसार म्हणाले, "भिंतींना घाम येतोय. बाजूला हो." सिस्टरनं उकळत्या पाण्यातून सिरिंज उचलली. बाटलीच्या रबरात सुई घुसली. मी त्या काचेत पातळी चढताना पाहत होतो. बोललो तर दाखला गेला, नोकरी गेली, मद्रासला वडिलांना तोंड दाखवायची सोय गेली. नाही बोललो तर… सिस्टर वळली. रावसारांनी हात पुढे केला.

"सार, डबा मी खाल्ला."

रावसारांचा हात सिरिंजपाशी थांबला.

"काय म्हणालास?"

"अप्पांनी सकाळपासून काही खाल्लेलं नाही. मी सुई टोचली, मग त्यांच्या इडल्या मी खाल्ल्या. कांजी मागवतो म्हणाले होते… मी नंतर पाहिलं नाही."

रावसारांनी रिकाम्या डब्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग ते अगदी हळू म्हणाले, "आज एकादशी." आणि लगेच ओरडले, "साखर चढली नाही, उतरली अहे. ग्लुकोज!" सिस्टरनं इन्शुलिनची सिरिंज बाजूला ठेवून ग्लुकोजची मोठी सिरिंज भरली. त्यांनी अप्पांचा दंड बांधला, सुई टेकवली, आणि थांबले. सुई माझ्या हातात देऊन म्हणाले, "तू दे. माझे हात आज माझे नाहीत." म्हाताऱ्याच्या हाताची शीर म्हणजे ओल्या मातीतलं गांडूळ, बोट लावलं की सरकते. पहिल्यांदा चुकली, तिथं फुगवटा आला. माझ्या कानाशी रावसारांचा श्वास ऐकू येत होता. ते काही बोलले असते, शिवी दिली असती, तर बरं झालं असतं. दुसऱ्यांदा काचेत रक्ताची रेघ आली. मी दट्ट्या इतका सावकाश ढकलला की आजही ते आठवलं की अंगठा दुखतो.

अर्धी सिरिंज गेली असेल, अप्पांनी डोळे उघडले. छताकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, हातातल्या सुईकडे पाहिलं.

"एकादशी मोडली काय रे?"

"शिरेतून दिलं, अप्पा," रावसार म्हणाले. "तोंडाला काही लागलं नाही."

"मग ठीक," म्हणून अप्पांनी पुन्हा डोळे मिटले, या वेळी रीतसर झोपण्यासाठी.

अप्पा स्थिरावले तसे रावसार बाहेर गेले. मी मागोमाग गेलो, मनातल्या मनात ट्रंक भरत. ते व्हरांड्याच्या पायरीवर बसले होते, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत. वर न पाहता त्यांनी विचारलं, "मेसमध्ये जेवण पुरत नाही काय?" मला वाटलं हा टोमणा आहे. त्यांनी पुन्हा विचारलं, आणि मी कबूल केलं की नाही पुरत. "उद्यापासून सकाळी घरी ये," ते म्हणाले. "जेवायचं, मग राउंड." दाखल्याचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. दुसऱ्या दिवशी द्वादशीच्या पारण्याला मी त्यांच्या घरी अप्पांच्या खाटेशेजारी पानावर बसलो. अप्पांना हट्टानं घरी आणून पथ्याचं वाढलं होतं. आधी रावसारांनी समोर बसून त्यांना चार घास खायला लावले, मग मला सुई टोचायला सांगितलं. तो क्रम आम्ही पुन्हा उलटा केला नाही. अप्पा त्यानंतरही बरीच वर्षं एकादश्या करायच्या खटपटीत राहिले, आणि शेवटी गेले ते झोपेत, भरल्या पोटी.

गेल्या महिन्यात मी कुंभकोणमला पोचलो तेव्हा सगळे विधी आटोपले होते. सकाळी कमलानं मला स्वयंपाकघरात बोलावलं. दोन पानं मांडलेली. एक माझं, दुसऱ्यावर पांढऱ्या कोटातली एक तरुण मुलगी घाईघाईनं इडली मोडत होती. इस्पितळातली नवी डॉक्टर, जवळच्या आडुतुरै गावची.

"अण्णांचा नेम हा," कमला सांगू लागली. "जो कोण नवा डॉक्टर येईल, तो सकाळी हिकडे जेवून मग वॉर्डात जाणार. अण्णा नाहीत म्हणून आम्ही मोडला नाही. का सुरू केला, कोणास ठाऊक. विचारलं की म्हणत, डॉक्टर उपाशी असला की पेशंटच्या जिवाला धोका. अस्के, घरातले झाडून सगळे, हसायचे. काका, तुम्ही तर तेव्हापासूनचे, तुम्हांस ठाऊक असेल."

म्हणजे त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, मुलीला नाही. माझ्यासारख्या बडबड्या माणसाचा सगळ्यात रंगतदार किस्सा त्या माणसानं इतकी वर्षं गिळून ठेवला होता, आणि त्याबदली रोज एक पान मांडलं होतं. मी तोंड उघडलं. मग त्यात इडली घातली. इथं लिहायला हरकत नाही, कारण कमला मराठी बोलते पण वाचते फक्त तमिळ.

मुलीनं घड्याळाकडे पाहिलं आणि अर्धं पान टाकून उठायला लागली. राउंडला उशीर होत होता.

"बस," कमला म्हणाली आणि तिच्या पानावर आणखी एक इडली वाढली.